खेद आहे, माफी नाही

मॅनेजर पियूषने अर्चनाच्या स्क्रीनवरचं 'सॉरी' खोडून तिथे 'रिग्रेट' लिहिलं. "दीदी, सॉरी मतलब गलती अपनी. रिग्रेट मतलब बुरा लगा, बस."

विजय नगरमधल्या या सामान हलवणाऱ्या कंपनीत अर्चना तक्रारींना उत्तरं लिही. मागे तिच्या एका 'सॉरी'चा कागद घेऊन गिऱ्हाईक थेट ग्राहक न्यायालयात गेलं होतं. तेव्हापासून मराठी शाळेत शिकलेली ही बाई इंग्रजीचं ताकही फुंकून पीत होती. पुन्हा चूक झाली तर घरी बसा, असं पियूषने सांगून ठेवलेलं, आणि घरी नवरा आधीच बसलेला.

"वाईट वाटून राहिलं तरी म्हणायचं नाही, हे कसलं काम?" तिने एकदा नवऱ्याला, चंद्रशेखरला, विचारलं होतं.

"तुला काय करायचं आहे? पगार भेटून राहिला ना?" तो म्हणाला होता.

दुपारी चेरीताल मोहल्ल्यातले गिऱ्हाईक श्यामसुंदरजी स्वतःच आले. त्यांच्या गेलेल्या बायकोची पेटी कंपनीच्या माणसांनी कपाटाखाली चेपून आणली होती. फोटो अर्चनाने पाहिले होते. चूक कोणाची हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"पैसे नहीं चाहिए, बिटिया," म्हातारा म्हणाला. "बस कोई कह दे कि गलती हुई."

मागे पियूषच्या केबिनचं दार उघडं होतं. अर्चनाने पाय खुर्चीखाली आखडून घेतले. खुर्चीलाच कोणी बांधून घातल्यासारखं तिला झालं. "कंपनी को खेद है," ती म्हणाली, आणि आपल्याच तोंडाची तिला शिसारी आली.

श्यामसुंदरजींनी मान हलवली. उठायला त्यांनी टेबलाचा आधार घेतला, तशी अर्चना एकदम खाली वाकली. त्यांच्या बुटाला हात लावून तिने तोच हात कपाळाला लावला. मग पुन्हा एकदा लावला.

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "खुश रहो," तो हळूच म्हणाला आणि गेला.

पियूष लगेच बाहेर आला. माफी मागितलीत का, असं त्याने विचारलं.

"नहीं जी," अर्चना म्हणाली. "पैर लग गया था मेरा. हमारे में ऐसा करते हैं."

तो केबिनमध्ये परत गेला. मग कुठे तिने खुर्चीखाली मघापासून आखडून घेतलेले पाय सरळ केले.