हात पुढे गेला होता का?

शुक्रवार, दुपारचे चार वाजून एकवीस मिनिटं. कतारमध्ये, दोहाच्या अल दुहैल भागातल्या एका शाळेचं मैदान. हौशी अमेरिकन फुटबॉल लीगचा अंतिम सामना संपायला अडतीस सेकंद उरले होते आणि ओरिक्स संघ डायव्हर्सवर २०-१७ असा पुढे होता. ओरिक्सचा क्वार्टरबॅक जॉर्डन तुस्कानो चेंडू फेकण्याच्या तयारीत असताना डायव्हर्सचा हमजा त्याच्यावर आदळला. चेंडू जमिनीवर पडला. हमजाने तो उचलला आणि पलीकडच्या टोकाच्या रेषेपार नेला. कुणीही शिट्टी वाजवली नाही.

हा फंबल असेल, म्हणजे चेंडू हातातून निसटला असेल, तर हमजाचे सहा गुण धरायचे आणि डायव्हर्स २३-२० पुढे. जॉर्डनने तो फेकला असेल, तर तो अपुरा पास. चेंडू जमिनीला लागला तिथेच खेळ थांबला आणि हमजाची धाव फुकट. दोन्हींत फरक एकच : टक्कर झाली तेव्हा फेकणारा हात पुढे निघाला होता की नाही.

निर्णय मुख्य पंचांनी द्यायचा होता. मुख्य पंच होते विल्सन तुस्कानो, जॉर्डनचे वडील.

यात लपवाछपवी नव्हती. लीगकडे प्रशिक्षित मुख्य पंच दोनच. दुसरे गुरुवारी अचानक मायदेशी गेले. दोन्ही कप्तानांनी सकाळी लेखी संमती दिली होती. विल्सन इथल्या एका रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करतात. त्याआधी वसईत चौदा वर्षं त्यांनी गावोगावच्या चर्चच्या फुटबॉल स्पर्धांत पंचगिरी केली. त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप कुणी केल्याची नोंद नाही.

मैदानावरच्या सहायक पंच शफा यांनी सांगितलं, की मध्ये खेळाडू आल्यामुळे हात दिसला नाही. विल्सननी जॉर्डनला हाताने बोलावलं आणि मराठीत विचारलं, "खरं सांग. हात पुढे गेला होता का?"

"गेला होता, पप्पा. पासच होता."

विल्सननी अपुऱ्या पासची खूण केली.

डायव्हर्सच्या बाकावरून पाण्याच्या बाटल्या मैदानात आल्या. प्रशिक्षक अम्मार रेषा ओलांडून धावत आले. "तुम्ही त्याला विचारलंत? क्वार्टरबॅकला? आणि ते कुठल्या भाषेत?" हमजाने हेल्मेट काढलं. तो हिंदीत म्हणाला, "अंकल, रात को खाने में क्या बनाना है, वो भी अभी पूछ लो."

उरलेले सेकंद खेळले गेले. निकाल २०-१७. डायव्हर्सने हस्तांदोलन केलं नाही.

डायव्हर्सची तक्रार रविवारी संध्याकाळी साडेसहाला अबू हमूरमधल्या एका निवासी कंपाउंडच्या सभागृहात सुनावणीला आली. लीगच्या समितीच्या अध्यक्ष अंबिका यांनी प्रेक्षकांतून मिळालेला एकमेव व्हिडिओ तीनदा लावला. त्यात जॉर्डनची पाठ दिसते, हात दिसत नाही. पुरावा नसेल तर पंचांचा निर्णय कायम, असं नियमावली सांगते. प्रकरण तिथेच मिटणार होतं.

"मैदानात काय बोलणं झालं, ते आम्हाला ऐकायचंय," अम्मार म्हणाले.

विल्सननी प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. "आमच्याकडे पद्धत आहे," ते म्हणाले. "शंका आली की पंच खेळाडूला विचारतो. तिथे कुणी खोटं बोलत नाही. बोलला तर पुढच्या वर्षी त्याला कुठलंच गाव खेळायला घेत नाही."

"तुम्ही स्वतः हात पाहिला होता का?" अंबिकांनी विचारलं.

"त्याचं उत्तर मी लेखी देईन."

अंबिकांनी मान हलवली आणि उपचार म्हणून जॉर्डनकडे वळल्या. वडील सांगतात ते बरोबर आहे ना?

जॉर्डन एकोणीस वर्षांचा आहे. तो उभा राहिला. "बरोबर आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "पण मी खोटं बोललो. हात पुढे गेला नव्हता. चेंडू आधीच सुटला होता."

सभागृहात बावीस माणसं होती. अम्मारांनी फोडायला घेतलेली खजुराची पुडी तशीच हातात राहिली. अंबिकांनी चष्मा काढून पुन्हा लावला आणि त्याला वाक्य परत म्हणायला सांगितलं. त्याने तेच शब्द पुन्हा उच्चारले. ओरिक्सचा कप्तान उठून बाहेर गेला.

विल्सन खुर्चीत वळले. "मला? मला खोटं सांगितलंस?"

"यू शुडन्ट हॅव आस्क्ड, पप्पा. इथे कुणी विचारत नाही. सगळी टीम बघत होती. काय सांगणार होतो मी?"

"नाही म्हणून सांगायचं होतंस."

मग विल्सन शेजारच्या माणसाला म्हणाले, "घरी हा कायम इंग्रजीत बोलतो हो. तिथे मराठीत बोलला. मला वाटलं, एवढं मनापासून बोलतोय म्हणजे खरंच असणार."

समितीने निकाल स्थगित केला आणि विल्सनकडे एकाच प्रश्नाचं उत्तर मागितलं : जॉर्डनला विचारण्याआधी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पास पाहिला होता का? मुदत गुरुवार, दुपारी बारा. पाहिला असेल, तर नियमानुसार पंचांची नजर अंतिम. जॉर्डनच्या कबुलीने काहीही बदलत नाही आणि चषक ओरिक्सचा. पाहिला नसेल, तर न पाहता निर्णय दिल्याबद्दल विल्सन यांचं नाव पंचांच्या यादीतून जाईल आणि चषक डायव्हर्सचा.

सोमवारी ओरिक्सच्या सात खेळाडूंनी जॉर्डनला संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढायची मागणी केली. मंगळवारी तो स्वतःच बाहेर पडला. त्या दिवसापासून तो फरीज बिन ओमरानमध्ये मित्राच्या फ्लॅटवर राहतो.

त्याची आई ॲना त्याला रोज डबा पोहोचवते. बुधवारी डबा भरताना तिने नवऱ्याला विचारलं, "मग काय लिहिणार?"

"जे दिसलं ते."

"पोराने सगळ्यांसमोर मान खाली घालून सांगितलं. आता तुम्ही 'पाहिला' लिहिलंत तर त्याचं सांगणं पाण्यात. 'नाही' लिहिलंत तर तुमची चौदा वर्षं पाण्यात."

"ॲना, मी हिशोब विचारला का?"

"नाही विचारलात. पण तुम्हाला दिसलं तरी काय?"

विल्सन यांनी डब्याचं झाकण लावून दिलं आणि ड्युटीवर निघून गेले. हे ॲनाने सांगितलं. विल्सन यांनी याबद्दल बोलायला नकार दिला.

गुरुवारी अकरा वाजून बावन्न मिनिटांनी त्यांचा मेल समितीकडे पोहोचला. त्यात एकच ओळ आहे, एवढंच अंबिका म्हणाल्या. समितीच्या तीन सदस्यांपैकी दोघांनी तो वाचला आहे. तिसरे रविवारी परततील; निकाल त्यानंतर. लीगच्या फलकावर अंतिम सामन्यापुढची विजेत्याची जागा अद्याप रिकामी आहे.