कौसल्याबाईच्या जागेवर

बोलणं हाच माझा धंदा, पण आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. स्वतःचं आज पहिल्यांदाच बोलतोय. मी एक स्पीकर. लग्नातला भोंगा नव्हे. तांब्याएवढा, काळा, मोबाईलला वायरशिवाय जोडता येतो तसला.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ठाऊक नाही. आठवतं ते बाभुळगावच्या मोबाईलच्या दुकानापासून. तिथल्या काचेच्या कपाटात चार महिने होतो, आणि लोकांचं बोलणं ऐकायची खोड मला तिथेच लागली. आजही शेजारी फोडणी कशाची पडली ते मला घरबसल्या कळतं.

मला उर्वशीनं घेतलं, आजीसाठी. उर्वशी कॉलेजात शिकते. तिची आजी कौसल्याबाई सातवी शिकलेली, पण गावच्या बुद्धविहारात बावीस वर्षं बुद्धाच्या धम्माचा ग्रंथ तिनंच वाचला. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी सात वाजता. शेतातल्या निंदणाहून आलेल्या बाया हातपाय धुऊन पांढरी साडी नेसून बसायच्या आणि ती वाचायची.

गेल्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, उरलेली सांभाळा. उरलेल्या नजरेत माणूस दिसायचा, अक्षर नाही.

"आता विहारात कोनत्या तोंडानं जाऊ?" ती म्हणाली. "वाचल्याबिगर मले तिथं काम काय?"

"जाशील तू. थांब, मी पाहून राह्यली," म्हणत उर्वशी मोबाईल घेऊन बसली.

तीन दिवस ती इंटरनेटवर तोच ग्रंथ आवाजात शोधत होती. पहिला सापडला त्यात मागे इतकी बासरी की शब्द बुडून जात. दुसरा चांगला होता, पण नवव्या भागावर बंद. वाचणाऱ्यानं पुढे टाकलाच नव्हता. तिसरा यंत्राच्या आवाजातला. "मानूस हाय का पिठाची चक्की?" असं म्हणून आजीनंच तो बंद करायला लावला. चौथा एका गृहस्थाचा. सगळा ग्रंथ, शांतपणे वाचलेला.

शोधता शोधता बाकीचंही पुष्कळ हाती लागलं. जात्यावरच्या ओव्या, पाखरांचे आवाज, इंग्रजी बोलायचे धडे, भुताच्या गोष्टी. दुपारी तूर निवडता निवडता कौसल्याबाई भुताची गोष्ट ऐकायची आणि मधेच म्हणायची, "हे भूत काई कामाचं नाई. आमच्या वावराच्या धुऱ्यावरचं पाह्यलं असतं यानं." मग दोघी हसत सुटायच्या. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे.

वर्षावास लागला तशी तिची शाळा सुरू झाली. त्या संध्याकाळचा भाग ती माझ्याकडून सकाळी एकदा ऐकायची, दुपारी दोनदा, निघण्याआधी पुन्हा एकदा. चुकली की म्हणायची, "मांगं घे व पोरी." उर्वशी पानात लोकरीचा धागा ठेवून द्यायची. सातला कौसल्याबाई ग्रंथ उघडून, ओळीवरून बोट फिरवत, सगळं पाठ म्हणायची. कुणाला कळलं नाही. मी तिच्या पिशवीत बंद असायचो आणि ऐकायचो.

आणि खरं सांगतो, माझ्यातल्या गृहस्थापेक्षा ती चांगली वाचायची. तो नुसता वाचत सुटतो. ती थांबायची. उशिरा आलेल्या बाईला "बस व, लई नाई झालं," म्हणत मागचं दोन वाक्यांत सांगायची. उकंडा आबा ऐंशीच्या घरातले. ते रोज हात वर करायचे.

"वैनी, तृष्णा म्हंजे तहानच ना?"

"तहानच. पन पानी पेल्यावरबी न जानारी."

"मंग आमच्या जावयाले हाय ते," आबा म्हणायचे, आणि बाया पदर तोंडाला लावायच्या.

दीड महिना असा गेला. एका सकाळी विहार समितीचा सचिव धम्मरत्न घरी आला होता. "काकू या वयातबी चष्म्याबिगर वाचतात, कमाल हाय," तो म्हणाला. उर्वशीला आजीचा अभिमान आवरला नाही.

"वाचत नाही, दादा. तिले दिसतच नाही. ऐकून ऐकून पाठ करते." आणि तिनं मला उचलून दाखवलं.

धम्मरत्न वाईट माणूस नाही. त्यानं मला हातात घेऊन फिरवून पाहिलं. "मंग काकूले येवढी तकलीफ कायले? हेच लावू ना थेट विहारात. काकू आरामात बसून ऐकतील."

"मले तकलीफ नाई होत, बापा," कौसल्याबाई म्हणाली. त्याला ते भिडेचं बोलणं वाटलं.

रविवारी तिचा सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, फोटो, आणि खाली बसायला त्रास नको म्हणून मागच्या भिंतीशी एक खुर्ची. दोन शब्द बोला म्हटलं तर ती "जय भीम" एवढंच बोलली. मग पांढऱ्या चादरीच्या टेबलावर, जिथे ती ग्रंथ ठेवायची, तिथे धम्मरत्नच्या मोबाईलला जोडून मला ठेवलं.

पहिल्या दिवशी विहार भरला होता. आवाज किती साफ, म्हणाले. चौथ्या दिवशी उकंडा आबांनी हात वर केला. "थांब जरा, हे समजलं नाई." मी थांबलो नाही. मला थांबता येत नाही. "आबा, तो डब्बा हाय," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. आबांनी हात खाली घेतला, तो पुन्हा कधी वर केला नाही.

मध्येच जाहिरात येते. दुःखाचं कारण काय, असं विचारून गृहस्थ श्वास घेतो, तोच एक बाई गोरेपणाची क्रीम विकायला येते. उशिरा आलेलीला मागचं सांगणारं कुणी नाही. "घरीच आयकू ना मोबाईलवर," म्हणत एकेक बाई गळाली. मी कान देऊन असतो. त्यांच्या एकाही घरातून त्या गृहस्थाचा आवाज येत नाही.

येतो तो एकाच घरातून. रात्रंदिवस मी आता विहाराच्या कपाटात असतो, आणि मागच्या बोळापलीकडेच कौसल्याबाईचं स्वयंपाकघर आहे. भुताच्या गोष्टी बंद झाल्या, ओव्या बंद झाल्या. पण सकाळी एकदा, दुपारी दोनदा मोबाईलवर त्या दिवसाचा भाग लागतो, आणि मागोमाग तिचा आवाज.

"आता कायले पाठ करून राह्यली, आजी?" उर्वशीनं परवा विचारलं.

"असंच."

मग उर्वशी म्हणाली, "मी सांगाले नव्हतं पाह्यजे." "मांगं घे व पोरी," आजी म्हणाली.

आज विहारात अकरा जण होते. मला चार्जिंगला लावायचं राहून गेलं होतं, म्हणून एका वाक्याच्या मधोमध मी बंद पडलो. धम्मरत्ननं दोनदा बटण दाबून पाहिलं. "उद्या चार्ज करून आनतो. आज इथंच थांबू," तो म्हणाला. बाया उठल्या, दाराशी चपला शोधू लागल्या.

आवाज गेला तरी ऐकणं जात नाही माझं. मागच्या खुर्चीवरून, ओठांतल्या ओठांत, कौसल्याबाई ते अर्धं वाक्य पुरं करत होती. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. पंखे बंद झाले. "चाल आजी," म्हणत उर्वशीनं हात धरला, तशी ती गप्प झाली.

आश्विन पौर्णिमेला नऊ दिवस आहेत. धम्मरत्न, बाबा, उद्या माझं बटण दाबायच्या आधी मागे वळून एकदा विचार, "काकू, पुढचं येते काय?" एवढं मला विचारता येत नाही. ती उद्या खुर्चीवर असेल. परवाचं मला सांगता येत नाही.