बॅटरी कोण खातंय

माझा फोन सकाळी भरलेला, दुपारी मेलेला. विजापूर वेशीतल्या दुकानातनं नवी बॅटरी टाकून आणली, ब्राइटनेस कमी केला, लोकेशन बंद केलं, नातवंडांचे गेम काढून टाकले. तरी रोज तेच. अन् मला फोन चालू पायजेच होता, कारण अतीक रुसला होता.

अतीक माझा धाकटा. सौदीत वेल्डिंग करतो. मागं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलताना म्हणला, "अम्मी, मी परत येऊ का? हितं लई जड जातंय." माझं तोंड म्हणजे सुरीच. म्हणले, "येऊन काय करणार, बापाच्या मांडीवर बसणार?" त्यानं गपकन फोन ठेवला. तेव्हापासून मला घास गोड लागंना. त्याचा फोन आला की नीट बोलायचं ठरवलं होतं, पण आपण होऊन करायला हात धजत नव्हता. मग दिवसभर फोन उघडायचा, तो ऑनलाइन हाय का बघायचं, बंद करायचा.

माझा नवरा कासीम, जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. गाडी डिझेल जास्त प्यायला लागली की गळती शोधायची अन् तितं बूच मारायचं, हे त्यांचं एकच शास्त्र. चष्मा नाकावर ओढून त्यांनी माझ्या फोनची सेटिंग उघडली.

"चोर घावला बघ. व्हॉट्सअ‍ॅप. निम्मी बॅटरी एकटं खातंय."

"मग?"

"आपण उघडल्याशिवाय चालायचं न्हाय, असं केलंय. अन् तू सारखी डोकावू नको. मेसेज आला तर वाजंल की."

मलाही हट्ट चढला. हात लावायचा न्हाय म्हणजे न्हाय. संध्याकाळी बॅटरी निम्म्याच्या वर होती, अन् ह्यांनी गल्लीभर सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशीही बॅटरी टिकली. फोन मात्र मुका. भाकरी थापताना कान तिकडंच, नळाला पाणी आलं तरी फोन कमरेला.

"अतीकचे अब्बा, एवढा राग धरणारं पोरगं न्हाय ते."

"तुझ्यावर गेलंय, अजून काय."

एरवी मी दोन सुनावल्या असत्या. पण जीव थाऱ्यावर नव्हता. नमाज झाली, जेवण झालं, अन् मग काय राहवंना. हट्ट गेला चुलीत म्हणले आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडलं.

फोन हातात थरथरायलाच लागला. दोन दिवस अडकलेलं सगळं एकदम आत आलं: वाजलेच न्हाईत असे कॉल, अन् त्यांच्यामधी अतीकचा आवाज.

"अम्मी, फोन उचल की. हातावर पत्रा पडलाय. ऑपरेशन करायचं म्हणतायत."

"अब्बांना सांगू नको, त्यांना बीपी हाय. तू फक्त दोन शब्द बोल."

"अम्मी, आत न्यायला आलेत. अजून रागावलीस का? मी न्हाय येत परत, हितंच राहतो. पण बोल की."

त्याच्याखाली कुणा परक्याचा आवाज होता. "चाची, मी नईम, अतीकच्या खोलीत राहतो. ऑपरेशन झालं, बोटं वाचली. शुद्धीवर आल्यापासून अम्मीचा मेसेज आला का, एवढंच इचारतोय."

कासीम दारात उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी. चष्मा काढून हातात धरला अन् उंबऱ्यावरच बसले.

"रुक्साना, मीच बंद केलं गं."

त्यांना बोलायला माझ्याकडं लई होतं. पण त्यांना तसं उंबऱ्यावर बसलेलं बघितलं, अन् तोंडात आलेलं गिळलं. मी अतीकला फोन लावला. रिंग वाजत राहिली तसं मी अल्लाला काय काय कबूल केलं, मलाच आठवत न्हाय.

"अम्मी?" झोपेतला जड आवाज.

नीट बोलायचं म्हणून मनात जुळवलेलं सगळं गेलं.

"घरी ये, बेटा," मी म्हणले. "हात बरा झाला की घरीच ये."

तो लहानपणी पडल्यावर रडायचा तसा रडायला लागला, अन् मी फोन कानाला घट्ट धरून नुसती ऐकत राहिले.