सात मिनिटं मागचं दार

रुग्णालयातली सगळी यंत्रं आपापली गाऱ्हाणी आपल्याच पोटात ठेवायची. नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईने महिनाभर खपून ती एकाच सर्व्हरवर आणली. कुठे काय बिघडलं, कुठलं दार कधी उघडलं, प्रत्येकाची ओळ एका पडद्यावर. साहजिकच बाईसाहेब जरा हवेत होत्या.

पहिल्याच आठवड्यात तिने चोर पकडला. तिसऱ्या मजल्याचं नेटवर्क रोज दुपारी पाच-सहा मिनिटं बंद पडायचं. पडद्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं: एक दहाला तिथल्या यंत्रखोलीचं दार इलेक्ट्रिशियन मामांच्या कार्डाने उघडलं, एक बाराला नेटवर्क गेलं. रोज तेच. तिने कागद साहेबांपुढे ठेवला.

"मामांचं कार्ड काढून घ्या," साहेब म्हणाले. "त्या खोलीत आता त्यांचा पाय नको."

मामांच्या निवृत्तीला सहा आठवडे उरले होते. तीस वर्षांच्या नोकरीचा असा शेवट! ताईने जेवणाचा डबा तसाच बंद केला. ती पुन्हा ओळी चाळत बसली, आणि तिने कपाळावर हात मारला. प्रत्येक ओळीला ज्या त्या यंत्राच्या घड्याळाची वेळ होती, आणि घड्याळं जुळवून घ्यायचीच ती विसरली होती. दाराचं घड्याळ सात मिनिटं मागे! म्हणजे नेटवर्क आधी जायचं, मामा नंतर पोचायचे.

ती धावत खाली गेली. "मामा, तुम्ही तिथे रोज करता तरी काय?"

"जेवणाच्या गाड्या घेऊन मोठी लिफ्ट वर आली की भिंत हादरते, तुमच्या नेटवर्कच्या यंत्राचा प्लग सुटतो. नर्सबाई फोन करतात, मी जाऊन दाबून येतो."

"मग सांगितलं का नाही?"

"एवढ्याशा प्लगची दवंडी काय पिटायची, पोरी?"

ताई तशीच साहेबांकडे गेली. "चूक मामांची नाही, माझी आहे. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, तसं झालं माझं." साहेब गुरगुरले, पण कार्ड परत द्यायला स्वतः खाली उतरले.

संध्याकाळपर्यंत मामांनी नवं सॉकेट बसवलं, ताईने घड्याळं जुळवली. दुसऱ्या दिवशी एक बारा झाले, नेटवर्क जागचं हललं नाही. एक सतराला मात्र ओळ उमटली: दार उघडलं, मामांचं कार्ड.

ताईने हसतच त्या खोलीत फोन लावला. "मामा, प्लग आता सुटत नाही हो."

"ठाऊक आहे गं," मामा म्हणाले. "पायांना अजून कुणी सांगितलेलं नाही."