नाशिकरोडचा आयफेल टॉवर

"हे नको," लंकाबाई म्हणाल्या, "फार चकाकतंय. जरा मळकट रंगातलं नाही का? परदेशातलं वाटायला पाहिजे."

दुकानदाराने निमूटपणे खालच्या कप्प्यातून खोकं काढलं आणि काउंटरवर पालथं केलं. बोटभर उंचीचे तपकिरी आयफेल टॉवर खळखळ करत पसरले. लंकाबाईंनी एकवार मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. तशी काही गरज नव्हती. त्या राहायच्या आडगाव नाक्याला, आणि कॉलनीतलं कुणी भेटू नये म्हणून बस बदलून बदलून पार नाशिकरोड स्टेशनजवळच्या या गिफ्टच्या दुकानात आल्या होत्या. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं होतं.

चोरी कसली, ते सांगायला हवं. लंकाबाई परवाच पॅरिसहून आल्या. नाव लंका आणि चालली पॅरिसला, अशी जाताना बिल्डिंगमध्ये थट्टासुद्धा झाली होती. मुलगा दीपक तिकडे नोकरीला, सून हर्षालीही नोकरीला, आणि नात अजून रांगती. लंकाबाई तिथे तीन महिने राहिल्या. पॅरिस कसं आहे, हे मात्र त्यांना विचारू नये. त्यांनी पाहिलं ते पाचव्या मजल्यावरचं घर, वॉशिंग मशीन, दुधाच्या बाटल्या आणि खिडकीतून दिसणारं एक झाड. झाडाला पानं नव्हती. ती फुटायच्या आत त्यांची परतीची तारीख आली.

दीपक वाईट मुलगा नव्हता. "आई, या रविवारी नक्की टॉवर बघायला जाऊ," असं तो दर आठवड्याला म्हणायचा आणि म्हणताना त्याला ते खरंच वाटायचं. कधी पाऊस लागला, कधी पोरीला ताप आला, कधी तो स्वतःच सोफ्यावर असा गाढ झोपला की आईला त्याला उठवावंसं वाटेना. शेवटच्या रविवारी सामान भरायचं होतं.

आता कॉलनी हे थोडंच ऐकून घेणार? आल्या दिवशीच वरच्या मजल्यावरच्या योगिनीने जिन्यात गाठलं. "मावशी, आम्हाला काय आणलं पॅरिसहून?" लंकाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "आणलंय गं, बॅग तर उघडू दे!" बॅगेत होते ते घालून घालून विटलेले स्वेटर आणि हर्षालीने घाईघाईत कोंबलेले बिस्किटांचे पुडे. भिशीत काय बोललं जाईल ते त्यांना पाठ होतं. पोराने आईला फिरायला नाही, पोर सांभाळायला नेलं. स्वतःबद्दल त्यांनी काहीही ऐकून घेतलं असतं, पण दीपकला कुणी नाव ठेवलेलं त्यांना सोसवलं नसतं. ओझरच्या कारखान्यातून त्यांचे यजमान खंडेराव रिटायर झाले आणि वर्षभरात गेले. तेव्हापासून या कॉलनीत त्यांची जी काही किंमत होती, ती दीपकची आई म्हणून होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायची कशाला?

"पॅरिसचं झालं," दुकानदार टॉवर कागदात गुंडाळत म्हणाला. "लंडन, दुबई काही देऊ?"

"मी कुठं लंडनला गेले?" लंकाबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "येतात हो काकू, तुमच्यासारख्या. मुलांकडून आलेल्या. तिकडे सगळ्यांनाच कुठं दुकानात जायला मिळतं? फक्त खालचा स्टिकर तेवढा काढून टाका. खोबरेल लावलं की निघतो."

टॉवरच्या तळाला दुकानाचा स्टिकर होता, सोनेरी चांदणीच्या आकाराचा. पण लंकाबाईंची नजर आता दुकानदाराच्या पाठीमागच्या फळीवर गेली होती. तिथे लाल रंगाच्या दुमजली बस ओळीने उभ्या होत्या. तशीच एक बस त्यांच्या शोकेसमध्ये होती. समोरच्या दारातल्या सुलाबाई त्यांच्या मुलाकडून, संतोषकडून, लंडनहून आल्या तेव्हा त्यांनी दिलेली.

"ती बस दाखवा बरं." त्यांनी ती हातात घेऊन उलटी केली. खाली सोनेरी चांदणी होती.

घरी आल्या त्या चपलाही न काढता थेट शोकेसपाशी गेल्या. सुलाबाईंची बस उलटी केली. तळाला नखाने खरवडलेली अर्धी चांदणी अजून चिकटलेली होती. धूळ पुसताना ती त्यांना कितीदा दिसली होती. लंडनच्या दुकानाचंच काहीतरी असेल, असं त्या समजून चालल्या होत्या.

"थापाडी!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या. घरात ऐकायला कुणी नव्हतंच.

सुलाबाई लंडनहून आल्यानंतरची ती भिशी त्यांना आठवली. राणीचा वाडा, अस्वलाच्या केसांच्या टोप्या घातलेले शिपाई, बोट आली की मधून उघडणारा पूल. पूल कसा उघडतो ते सुलाबाई दोन्ही हात वर करून दाखवत होत्या आणि लंकाबाई जळून कोळसा झाल्या होत्या. त्या दिवसापासूनच तर त्यांनी दीपकच्या मागे लकडा लावला, मलाही ने रे एकदा. आता आधी त्यांना राग आला, मग हसू आलं, मग ते हसूही टिकेना. सुलाबाईसुद्धा तिकडे अशाच कुठल्यातरी खिडकीशी दुपट्यांच्या घड्या घालत बसली असेल, हे डोळ्यांपुढे आलं. दाराला दार लागून राहणाऱ्या दोघी; ना तिने सांगितलं, ना हिने नीट विचारलं.

दुपारभर खोबरेलाची वाटी घेऊन त्यांनी एकेका टॉवरची चांदणी सोडवली. एकच टॉवर तसाच ठेवला.

संध्याकाळी तो घेऊन त्या समोर गेल्या. सुलाबाई एकट्याच मेथी निवडत बसल्या होत्या.

"आलीस होय लंके! बस. किती वाळलीस गं."

"हे तुझ्यासाठी, सुलाताई. पॅरिसचं."

सुलाबाईंनी चष्मा चढवला. टॉवर फिरवून फिरवून पाहिला, "भारीच आहे की," म्हणाल्या आणि त्यांनी तो उलटा केला. मेथीची काडी बोटांत तशीच राहिली. आपलं चुकलं, असं लंकाबाईंना वाटलं. हे म्हणजे जवळच्या माणसाच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

"तुझ्या खिडकीतून काय दिसायचं?" सुलाबाईंनी विचारलं.

"झाड. एकच. बिनपानाचं. तुझ्या?"

"बसस्टॉप." सुलाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "लाल बस यायची, थांबायची, जायची. नातवाला कडेवर घेऊन बघत राहायचे. टाटा करायला त्याला तिथंच शिकवलं मी. बसले मात्र नाही गं कधी."

लंकाबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते अडवलं नाही. सुलाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढ्यात उघड्या दारातून योगिनी आत आली, तशी सुलाबाईंनी झटकन नखाने चांदणी खरवडली आणि मेथीच्या काड्यांत टाकून दिली.

"मावशी, तुम्ही इथं होय! अय्या, टॉवर! वर गेला होतात का हो? पार वरपर्यंत?"

लंकाबाईंनी सुलाबाईंकडे पाहिलं.

"गेली होती ना!" सुलाबाई म्हणाल्या. "लिफ्टनं. मघापासून तेच तर सांगतेय मला. दीपकने खास सुट्टी काढली होती तिच्यासाठी."

"कसलं भारी! वरून काय दिसतं हो मावशी?"

लंकाबाईंनी डोळे पुसले. "घरं," त्या म्हणाल्या. "जिकडे बघावं तिकडे घरंच घरं. आपलं त्यात एकही नाही."

"काहीही हं मावशी!" योगिनी हसली.

सुलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी राहिलेल्या मेथीतली अर्धी जुडी उचलली आणि लंकाबाईंच्या पुढ्यात ठेवली.