जीपची खरड छाटणी

घरात सईचा आवाज येईनासा झाला की उज्वलाचे कान टवकारायचे. पोरगी आरडाओरडा करत असली तर बरं. गप्प झाली म्हणजे नाकात काहीतरी घातलंय, नाहीतर प्लगमध्ये. म्हणून कणीक तशीच परातीत सोडून, पिठाच्या हातांनी ती आतल्या खोलीत धावली.

सई फरशीवर मांडी घालून बसली होती. कपाटाशी स्टूल, कपाटाचं दार उघडं. उज्वलाची शिवणाची कात्री सईच्या हातात आणि मांडीवर कपाटातली प्लॅस्टिकची जीप.

"आई, बघ. छाटणी झाली!"

उज्वलानं आधी कात्री काढून घेतली, मग सईची दहाही बोटं उलटसुलट करून पाहिली. सगळी शाबूत होती. तेव्हा कुठे तिनं जीपकडे पाहिलं.

हूड उचकटून बाजूला ठेवलेलं. हुडाचे केसाएवढे पाईप, दोन्ही बाजूंचे आरसे, स्टिअरिंगचा दांडा, जे जे म्हणून बाहेर डोकावत होतं ते सगळं कापलेलं. कापलेल्या तुकड्यांचा नीट ढीग, मळ्यात दोन ओळींच्या मध्ये काड्यांचा असतो तसा. आणि प्रत्येक कापल्या जागी गुलाबी ठिपका.

"हे काय लावलंस?"

"पेस्ट. छाटल्यावर आप्पा वेलीला पेस्ट लावतात ना? माझी स्ट्रॉबेरीची लावली." सईनं मान वर करून विचारलं, "आता नवीन कधी फुटेल?"

गेल्याच आठवड्यात सई दिंडोरीला आजोळी राहून आली होती. द्राक्षांची एप्रिलची खरड छाटणी चालू होती. हिरवागार मांडव बघता बघता बोडका झालेला पाहून ती रडायला लागली, तेव्हा आप्पांनी, उज्वलाच्या वडिलांनी, तिला कडेवर घेऊन समजावलं होतं, "रडती कशाला? आता बघ, लय जोरात फुटंल." पोरीनं ते शब्द गाठीला बांधले होते. आणि घरात छाटायजोगं दुसरं काही नव्हतं.

रागवावं तर कुणावर? उज्वलानं जीप ओंजळीत उचलली. तिला आठवला तो मांडवाखालचा लोखंडी पलंग आणि त्यावर उघडलेला खोका.

द्राक्षांची गाडी घेऊन आप्पा वाशीला जायचे. परत येताना लोक पोरांना कपडे आणत, आप्पा मोटारींचे खोके आणत. प्लॅस्टिकचे सुटे भाग, वर परदेशी गाडीचं चित्र आणि आत जपानी अक्षरांचा कागद. "आपल्याला कुठं वाचायचंय? चित्र बघून लावू," असं म्हणत बापलेक बसायचे. आई, म्हणजे शकुबाई, जाता येता टोमणा मारायची, "लोकांच्या पोरी भातुकली खेळत्यात, आमची गॅरेज टाकनार."

प्लॅस्टिकच्या चौकटीला सगळे भाग लोंबकळत यायचे. तिला काय म्हणतात ते दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून आप्पांनी आपलीच नावं दिली. चौकट म्हणजे ओलांडा, कारण वेलीचे आडवे हात तसेच तारेवर पसरलेले असतात. भाग जोडणारा दांडा म्हणजे काडी. आणि भाग सुटा करायचा ती छाटणी. तीही दोनदा. पहिली खरड छाटणी लांबून, भागाला काडीचा थोडा खुंट, म्हणजे डोळा, ठेवून. मग ब्लेडनं जवळून गोडी छाटणी, मळ्यात ऑक्टोबरात करतात तशी, आणि वर पॉलिश पेपर. "मुळाशी कापलंस तर अंग तुटतं, उजू. आधी डोळा ठेवायचा." शाळेतल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना काहीच कळायचं नाही.

दहावीच्या सुट्टीत त्यांनी लष्करी जीपचं किट घेतलं आणि त्यातून आपली जीप केली. घरची, मळ्यातली, आता कधीच भंगारात गेलेली. बंदुकीचा स्टँड काढला, मागे फवारणीची टाकी बसवली. आप्पांच्या जुन्या रुमालाचा तुकडा फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्याचं हूड केलं. आगपेटीच्या काड्यांचे क्रेट केले. आणि सगळं रंगवून झाल्यावर आप्पांनी सुई तापवून डावं मडगार्ड दाबलं. उज्वला ओरडलीच होती.

"अगं, पोचा नाय तर आपली जीप कशी? फाटकाला कुणी ठोकली होती?"

तिनंच. जीप चालवायला शिकताना. ठोकली तेव्हाही आप्पा हसलेच होते.

लग्नात ती जीप रुखवतात मांडली होती. सप्तपदीच्या सुपाऱ्या, शेवयांची बाहुली आणि त्यांच्यामध्ये चिखलाचा रंग मारलेली जीप. सासरची कुणी आत्या म्हणालीच, "हे कुणाच्या पोराचं खेळणं राहिलं गं इथं?" सुनील मात्र जीपसमोर वाकून पोचा बघत होता. उज्वलाला नवरा तिथे पहिल्यांदा आवडला.

आणि आता आप्पांचे हात थरथरत होते. चहाची बशी वाजायची, म्हणून ते चहा टेबलावरच थंड होऊ द्यायचे. इथल्या डॉक्टरांना दाखवायला आई त्यांना घेऊन उद्याच येणार होती. त्या हातांनी केलेली एवढी एकच गोष्ट उरली होती. ती कपाटात सगळ्यात वर ठेवून, वर साडीचा खोका ठेवून उज्वलानं जपली होती. सईला कधी हात लावू दिला नव्हता. टोचेल, गिळेल, मोडेल.

"उद्या आप्पांना सांगायचं नाही हं," ती म्हणाली. "आपण गुपित ठेवू."

सईनं मान डोलावली. ती डोलावते तेव्हा उज्वलाला जास्तच काळजी वाटते.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी दारात चपला काढल्या न काढल्या, तोच सई त्यांच्या धोतराला लोंबकळली. "आप्पा, तुमची जीप मी छाटली! पण ते गुपित आहे."

शकुबाई पिशवी ठेवता ठेवता थांबली. उज्वलानं डोळे मिटून घेतले.

"आण बरं इकडं," आप्पा म्हणाले.

त्यांनी जीप हातात घेतली नाही. टेबलावर ठेवायला लावली, खुर्चीत बसून चष्मा नाकावर ओढला आणि वाकून चहूबाजूंनी पाहिली. हात मांड्यांखाली दाबून धरले होते. ते उज्वलानं पाहिलं, आणि आपण पाहिलं हे त्यांना कळू नये म्हणून पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला.

"पेस्ट कोनती गं?"

"स्ट्रॉबेरी."

"लय भारी. काचंला पन लाव थोडी, चकाकती." मग ते उज्वलाकडे वळले. "पोरीनं एकपन मुळाशी नाय कापलं. समद्याला डोळा ठेवलाय, बघितलंस का?"

"आप्पा, तुम्ही केलेली होती ती," उज्वला म्हणाली. "तुमच्या हातची."

"माझ्या?" त्यांना खरंच नवल वाटलं. "हे पाईप कोनी वढले व्हते? माझी बोटं तवाबी केळ्यासारखी. मी निस्तं पाक झाला का सांगत व्हतो."

"खरंच की," शकुबाई म्हणाली. "माझ्या देवघरातली मेणबत्ती ही पळवायची. हे उभे राहायचे मुकादमासारखे."

आणि मग उज्वलाला आठवलं. ओलांड्याचा दांडा मेणबत्तीवर फिरवायचा, लवायला लागला की आचेवरून बाजूला घ्यायचा आणि दोन्ही टोकं ओढायची, की पाकासारखी तार निघते. तेच हुडाचे पाईप. इतकी वर्षं आठवणीत त्या तारेच्या दोन्ही टोकांना तिनं आप्पांचेच हात लावून ठेवले होते.

"वलांडा हाय का जुना?"

होता. उज्वला काहीच टाकत नाही. सुनील त्यावरून रोज चेष्टा करतो.

खिडक्या उघडल्या, पंखा बंद केला, मेणबत्ती लावली. उज्वलानं सईचे केस बांधले, फ्रॉकची नाडी खोचली, पाण्याची बादली जवळ ठेवली. शकुबाई म्हणाली, "होम करतीस का पाईप?"

पहिली तार तुटली. दुसरीही. उज्वला भीतभीत, थांबून थांबून ओढत होती आणि तार मध्येच गार होऊन कडकन तुटत होती.

"थांबत थांबत नाय," आप्पा म्हणाले. "एका दमात. तू घाबरती. एक टोक पोरीला दे."

"भाजेल तिला."

"टोक गार असतं, उजू. तुला दिलं व्हतं का नाय मी?"

उज्वलानं सईकडे पाहिलं. सई हात मागे बांधून, शहाण्यासारखी, ज्योतीपासून लांब उभी होती. हे कुणी शिकवलं हिला? आपणच, दिवसभर ओरडून ओरडून. उज्वलानं दांडा ज्योतीवर फिरवला, तो लवला, तो तिनं बाजूला घेतला आणि एक टोक सईपुढे केलं.

"पाक झाला!" आप्पा ओरडले. "वढा!"

सई खिदळत मागे मागे पळत गेली, थेट दारापर्यंत. मधे तार निघाली, उन्हात कोळ्याच्या धाग्यासारखी चमकणारी.

"फुटलं!" सई म्हणाली. "आप्पा, फुटलं!"

दुपारपर्यंत पाईप बसले, हूड बसलं, स्टिअरिंगही. उजवा आरसा चिकटवला. डाव्या आरशाच्या खुंटावर उज्वलानं पॉलिश पेपर ठेवला आणि हात तसाच राहू दिला. खाली मडगार्डवर तिचा पोचा होता. वर हा सईचा डोळा, कडेला अजून थोडा गुलाबी.

तिनं पेपर घडी करून ठेवला. जीप परत कपाटात ठेवायला ती उठली, खुर्चीवर चढली, आणि साडीच्या खोक्यापर्यंत पोचलेला हात मागे घेतला. उतरून तिनं जीप टीव्हीखालच्या फळीवर ठेवली, सईचा हात पोचेल अशी.

"कात्री मात्र मिळायची नाही," ती म्हणाली.

"ऑक्टोबरात लागंल," आप्पा हळूच म्हणाले, आणि टेबलावरचा गार झालेला चहा दोन्ही हातांनी उचलून प्यायले.