वीस वजा

बाजारात त्याला सगळे ‘काटेवाला’ म्हणत. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे हा त्याचा धंदा, आणि त्या धंद्यातून जडलेला एक हेका: आकडा पटला नाही की आधी यंत्रावर संशय घ्यायचा. काट्यांच्या बाबतीत ते ठीक होतं. बायकोच्या बाबतीत अंगाशी येणार होतं.

तिला सातवा महिना लागला होता. आधीचं एक बाळ सहाव्यातच गेलं होतं, त्यामुळे या खेपेला ती जिनासुद्धा जीव मुठीत धरून उतरायची. डॉक्टरीणबाईंनी बीपीचं यंत्र घरी घ्यायला लावलं आणि बजावलं, "वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला की सरळ उठून यायचं. विचार करत बसलीस तर बाळही जाईल आणि तूही."

पहिल्याच दिवशी यंत्रानं एकशे साठ दाखवले. ती दवाखान्यात जायला उठली. काटेवाल्यानं मात्र शांतपणे पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला. एकशे चाळीस.

"बघ! मला जन्मात कधी साधी सर्दी झाली नाही," तो हसत म्हणाला. "माझं एकशे वीसच असणार. म्हणजे यंत्र वीस जास्त दाखवतंय. वीस वजा करायचे, झालं!"

काटा तपासायला प्रमाणित वजन लागतं. इथे पठ्ठ्यानं स्वतःलाच प्रमाण धरलं. आपलं ते खरं, दुसरं काय! आणि तिनंही मान डोलावली, कारण तिला नेमकं तेच ऐकायचं होतं.

आठ दिवस वजाबाकी चालली. एकशे चौसष्टचे वहीत एकशे चव्वेचाळीस झाले, सहासष्टचे सेहेचाळीस. बोटातली अंगठी निघेना. डोकं ठणकायचं, आणि भांडी घासताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

"अहो, बरं वाटत नाहीये."

"वहीत बघ की. दीडशेच्या आत आहेस."

ती वही बघायची. वहीत सगळं आलबेल होतं.

नवव्या दिवशी दुपारी नणंद डोकावली. नव्या नोकरीसाठी तिची सकाळीच दवाखान्यात तपासणी झाली होती. यंत्र समोर दिसलं म्हणून तिनं सहज पट्टा बांधला. एकशे अठरा.

"त्यातून वीस वजा करा हं," काटेवाल्याची बायको सवयीनं म्हणाली.

"कशाला? सकाळी दवाखान्यात एवढंच भरलं होतं."

बायकोनं वही मिटली. यंत्र खरं बोलत होतं, पहिल्या दिवसापासून. ते जास्तीचे वीस काटेवाल्याच्या स्वतःच्या रक्तातले होते. तिनं पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"वहिनी, चप्पल घाल," नणंद म्हणाली. "दादाला मी कळवते."

दवाखान्यात तासाभरात पोट उघडून मुलीला बाहेर काढलं. अकराशे ग्रॅम. रडलीच नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आईला चाकाच्या खुर्चीतून पेटीपाशी नेलं. मुलीची छाती हलत होती, मग थांबली. पेटीला जोडलेलं यंत्र किंचाळलं. सिस्टरनं आत हात घालून पायाच्या तळव्याला टिचकी मारली, आणि छाती पुन्हा हलू लागली.

"इतक्या लवकर आलेली बाळं श्वास घ्यायचं विसरतात," सिस्टर म्हणाली. "अशी आठवण करून द्यायची. पण बाई, प्रत्येक वेळी आठवेलच असं नाही."

तिनं हात धुऊन पेटीत घातला आणि दोन बोटं त्या तळव्यापाशी ठेवली. दुपारी काटेवाला आला. डोळे सुजलेले. हात धुऊन तिच्या मागे उभा राहिला.

"तू दमलीस," तो म्हणाला. "थोडा वेळ मी बसतो."

तिला त्याची दया आली. खरंच आली.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही नको."

यंत्र पुन्हा किंचाळलं. तिनं टिचकी मारली. छाती हलली नाही. तिनं पुन्हा मारली.